मी उघडलो होतो, शेजारच्या खोलीत

मित्रांनो, मी एक जुना लिहिण्याचा प्रोग्राम आहे. खरे तर ‘मी एक जुना लेखक आहे’ असेच म्हणणार होतो, पण मग आमच्या बाई रागावल्या असत्या. लिहितात त्या. मी फक्त लिहून घेतो आणि जपून ठेवतो. मला ना हात, ना पाय, ना वजन. तरीही एकदा मी हरवलो, माझ्यापायी सारे घर डोक्यावर घेतले गेले आणि मी कायमचा पुसला जाता जाता थोडक्यात वाचलो.

माझा जन्म एका छापखान्याच्या माळ्यावर झाला. दोन मित्र होते. एक अक्षरे काढायचा, दुसरा मला शिकवायचा. त्या काळी संगणकाला आपली अक्षरे धड येत नसत. वेलांटी एकीकडे पळायची, रफार भलत्याच्याच डोक्यावर जाऊन बसायचा. या दोघांनी खपून माझ्यासाठी खास अक्षरे घडवली आणि माझ्या पोटात घातली. माझ्यात लिहिलेले दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडले तर नुसते कोंबडीचे पाय दिसतात, ते यामुळेच.

शिकवणाऱ्याकडे एक गलेलठ्ठ मांजर होते. ते दिवसभर कीबोर्डवर झोपायचे. त्याला उचलून बाजूला ठेवल्याशिवाय कामाला सुरुवातच होत नसे. तेव्हा गंमत म्हणून त्यांनी ठरवले, की मी उघडताना आधी मांजराचे चित्र दाखवायचे. मांजर डोळे किलकिले करणार, मोठी जांभई देणार, बाजूला होणार आणि मग माझे कोरे पान समोर येणार. पुढे माझ्याहून हुशार प्रोग्राम पुष्कळ आले, पण असे मांजर एकाकडेही नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. मला छाती नसली म्हणून काय झाले?

त्यांनी मला दोन सवयीही लावल्या. मला न कळणारी कळ कुणी दाबली, की मी ‘टुंग’ असा आवाज करतो. आणि मी शेवटचा जिथे उभा होतो तिथेच पुन्हा उघडतो, लिहिणारा ज्या ओळीवर थांबला होता तीच ओळ त्याच्यापुढे धरतो. कामाला बसलेल्या माणसाला जागा शोधत बसावे लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू होता. याच गुणाने पुढे माझ्या नाकी नऊ आणले.

मी ज्या घरी आलो ते बाहुल्यांचे घर. आमच्या बाई बाहुल्यांची नाटके लिहितात आणि त्यांचे थोरले भाऊ बाहुल्या करतात. त्यांना सगळे दादाच म्हणतात. पुढच्या खोलीत बाईंचे टेबल आणि मी, मागच्या खोलीत दादांचा कारखाना. तिथे लाकडाचा भुसा, खळीचा वास आणि फळीवर ओळीने मांडलेली डोकी. मधे एक भिंत. आणि दाराशी आरामखुर्चीत अप्पा, म्हणजे या दोघांचे वडील. अप्पांनी आयुष्यभर बाहुल्यांना आवाज दिला. या घरात ‘अस्वलाचे काम करणे’ असे कुणी म्हणत नाही. ‘अस्वल बोलणे’ म्हणतात. अप्पा अस्वल बोलायला लागले, की पहिल्या रांगेतली मुले पाय वर घेऊन बसायची.

ते माझे सोन्याचे दिवस होते. बाईंचे पहिले नाटक, ते अस्वलाचे, माझ्याच पानावर लिहिले गेले. मग राजे आले, चोर आले, बोलका भोपळा आला. बाई पाहुण्यांना कौतुकाने सांगायच्या, “या प्रोग्रामशिवाय माझं पान हलत नाही.”

हळूहळू दिवस पालटले. माझे दोन्ही जन्मदाते वेगळ्या धंद्याला लागले आणि माझी नवी प्रत मिळेनाशी झाली. बाईंची भाची एका कार्यालयातले संगणक सांभाळते. ती आली, की मला बघून हसायची. “मावशी, अजून हेच मांजर?” बाई म्हणायच्या, “तुला नाही ना चावत?” मला बरे वाटायचे. पण आपण आता फक्त एका माणसाच्या मायेवर जगतो आहोत, हे मला कळत होते.

अप्पांचेही तसेच झाले होते. एका खेळात ते मधेच वाक्य विसरले. मुलांच्या ते लक्षातही आले नाही, पण अप्पांच्या मनाला लागले. त्यानंतर त्यांनी बोलणेच सोडले. मध्यंतरी एका दुपारी बाईंनी अस्वलाचे नाटक सहज उघडले, अस्वलाच्या पहिल्या वाक्यापाशी थांबल्या, डोळे पुसले आणि मला मिटून टाकले.

आता घोटाळ्याकडे येतो. बाईंच्या टेबलावर तेव्हा दोन स्क्रीन होते. उजवीकडच्यावर त्या बाहुल्यांची चित्रे मांडायच्या आणि डावीकडच्यावर मी. मागच्या खोलीतून दादांची हाक ठरलेली, “बये, पुढचं वाक्य काय आहे गं? हात वर करू का खाली?” बाई इथून ओरडून वाचायच्या. एके दिवशी त्या बाजारात गेलेल्या पाहून दादांनी भिंतीला भोक पाडले, लांब वायर आणली आणि डावा स्क्रीन उचलून कारखान्यात नेऊन मांडला. बाई परत आल्या तर टेबलावर सिमेंटचा सडा.

“भिंतीला भोक पाडलंस? विचारायचं तरी!”

“विचारलं असतं तर तू पाडू दिलं असतंस का? आता तू लिहिशील ते मला तिथं दिसेल. ओरडायला नको.”

“मी काही दाखवणार नाही जा!”

दादांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी तो स्क्रीन बंद केला, त्यावर आपला खळीने माखलेला एप्रन टाकला आणि वर राजाच्या दाढ्या वाळत घातल्या. बहीणभावांनी अबोला धरला. पन्नाशी उलटलेली माणसे, पण रुसण्यात लहान मुलांना मागे टाकतील अशी.

मला यातले काहीच माहीत नव्हते. वायर जोडलेलीच होती. माझ्या लेखी डावा स्क्रीन डावीकडेच होता.

दुसऱ्याच दिवशी वाचनालयाच्या बाई धावत आल्या. त्यांच्याकडे येणारे जादूगार आजारी पडले होते आणि मुलांना तर खेळ कबूल केलेला. “उद्या संध्याकाळी तुमचं अस्वलाचं नाटक कराल का?” आमच्या बाई काही बोलायच्या आत आरामखुर्चीतून आवाज आला.

“करू की! अस्वल मी बोलणार. मला मोठ्या अक्षरांत छापून दे. बघून वाचीन, मग विसरायची भीती नाही.”

बाई अप्पांकडे बघतच राहिल्या. मग त्या आपल्या जागेवर आल्या आणि त्यांनी माझ्यातल्या अस्वलाच्या नाटकावर टिचकी मारली.

मी ताबडतोब उठलो. मांजराने जांभई दिली, बाजूला झाले, मी पान पसरले. बाईंना मात्र काहीच दिसले नाही. मित्रांनो, एप्रनच्या आड, राजाच्या दाढ्यांखाली, अंधारात मी तयार होऊन उभा होतो!

बाईंनी पुन्हा टिचकी मारली, संगणक बंद करून चालू केला, टेबलावर थाप मारली. नाटकाची छापील प्रत होती, पण ती या घरातच असल्यामुळे व्हायचे तेच झाले होते. दादा जुने कागद भिजवून त्यांच्या लगद्याची डोकी करतात. नाटकाची शेवटची प्रत केव्हाच एका वजिराच्या आणि दोन गाढवांच्या डोक्यात गेली होती. म्हणजे ते नाटक आता जगात फक्त माझ्यापाशी होते.

सकाळी भाची आली. तिने बाह्या सरसावल्या. “खालच्या पट्टीवर याचं नाव दिसतंय मावशी. उघडलाय म्हणतो, पण दिसत नाही. चित्र दाखवणारा भाग बिघडला असणार.” तिने तो भाग नवा घातला. स्क्रीनवरची अक्षरे मोठी केली, लहान केली. दर वेळी मी इमानाने उघडत होतो आणि दर वेळी शेजारच्या खोलीत. बाई म्हणाल्या, “हा बाणही डावीकडे गेला की गडप होतो.” भाची म्हणाली, “माऊसही जुना झालाय.”

शेवटी तिने हात टेकले. “हा काढून टाकते आणि परत घालून बघते. तुमच्याकडे त्याची डिस्क असेल ना?”

ती डिस्क शोधायला कपाटाकडे गेली. डिस्क कपाटात नव्हतीच. तिची चकाकी आवडल्यामुळे दादांनी ती कधीच एका राजकन्येच्या मुकुटाला लावली होती. मी एकदा गेलो असतो तर परत येणे नव्हते, आणि माझ्याबरोबर अस्वलही गेले असते.

बाई एकट्याच बसून होत्या. विचार करताना त्यांची बोटे आपोआप कीबोर्डवर चालतात. त्यांना वाटले ऐकणारे कुणी नाही. मी मात्र सगळे लिहून घेत होतो, तेही अस्वलाच्या पहिल्या वाक्याच्या आधी, कारण त्या मागे तिथेच थांबल्या होत्या. त्यांनी लिहिले, ‘उघड रे बाबा.’ मग लिहिले, ‘हे सगळं दादाच्या भोकाचं फळ आहे.’ मग लिहिले, ‘दादा गाढव आहे.’ मग रागाने नवी ओळ करणारी कळ दाबतच राहिल्या, दाबतच राहिल्या. आणि मग अगदी हळूहळू लिहिले, ‘देवा, अप्पांना या वेळी तरी अस्वल बोलू दे.’

भाची हात हलवत परत आली. “डिस्क नाही. तरी काढू का? नव्यात उघडायचा काहीतरी मार्ग काढता येईल.” काढून टाकण्याच्या बटणावर तिने बाण नेला. बाईंना ते बघवेना. त्या झटकन उठल्या आणि उठताना त्यांचे कोपर कीबोर्डवर पडले. वरच्या ओळीतल्या, मला कधीच न कळलेल्या कळा दाबल्या गेल्या.

‘टुंग!’ मी जिवाच्या आकांताने ओरडलो. ‘टुंग, टुंग!’

“थांब!” हे अप्पा होते. खुर्चीत ताठ बसले होते. “आवाज येतोय ना त्याचा? मग तो मेलेला नाही. आपल्या पहिल्या खेळाला काय झालं होतं? मी अस्वल बोलतोय, बोलतोय, आणि मुलं ओरडतायत, अस्वल कुठाय, अस्वल कुठाय. तुझ्या दादानं ते भलत्याच बाजूला वर धरलं होतं!”

“तेव्हा मी नवा होतो!” मागच्या खोलीतून दादा ओरडले.

भाचीचा हात जागच्या जागी थांबला. “भलत्याच बाजूला,” ती पुटपुटली. तिने बाण सावकाश डावीकडे नेला. तो गडप झाला. मग ती टेबलाखाली वाकली आणि वायर कुठे जाते ते बघत बघत भिंतीच्या भोकापाशी पोचली. “मावशी, पलीकडे काय आहे?”

सगळे मागच्या खोलीत धावले. अप्पासुद्धा. दाढ्या उचलल्या, एप्रन ओढला, बटण दाबले आणि मी साऱ्या घरासमोर लख्ख उभा राहिलो. माझा जीव भांड्यात पडला. भाचीने कपाळावर हात मारला. दादांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली, “उघड रे बाबा. हे सगळं दादाच्या... काय? दादा गाढव आहे?”

बाई लाल झाल्या. दादा आधी फुगले, मग त्यांना हसू फुटले आणि मग कुणालाच आवरेना. अबोला कुठच्या कुठे पळाला. “गाढवानं भोक पाडलं नसतं तर हे तुझ्या तोंडून कधी ऐकायला मिळालं असतं?” दादा म्हणाले. बाईंनी घाईघाईने ती वाक्ये पुसली. खाली गेलेली ओळ कुणी पाहिलीच नाही. भाचीने मधल्या रिकाम्या ओळी भराभर मिटवल्या, अक्षरे मोठी केली आणि पाने छापून अप्पांच्या हातात दिली. तिने मला ओढून बाईंच्या स्क्रीनवर आणून ठेवले आणि माझी आणखी एक प्रत काढून सांभाळून ठेवली. हसली मात्र नाही. म्हणाली, “छान आहे गं मांजर.”

खेळाला मी गेलो नव्हतो. पण दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळे माझ्याच पानावर लिहिले, म्हणून मला कळले. मुले दाटीवाटीने बसली होती. दादांनी अस्वल वर धरले, या वेळी बरोबर बाजूला. अप्पांनी पान डोळ्यांसमोर धरले आणि तो जुना, खोल, घुमणारा आवाज बाहेर आला.

“देवा, अप्पांना या वेळी तरी अस्वल बोलू दे.”

मागे बाई उभ्याच होत्या. अप्पांनी पानाकडे पाहिले, मग वळून लेकीकडे पाहिले. ते वाक्य कुणाचे हे त्यांना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी पान खाली ठेवले आणि अस्वलाच्याच आवाजात म्हणाले, “बोलतोय की, पोरी! अजून जोरात बोलू?”

“हो!” मुले ओरडली, आणि पहिल्या रांगेने पाय वर घेतले.

त्यानंतर अप्पांनी ते पान पुन्हा उचलले नाही. दोन ठिकाणी ते विसरले आणि तिथे अस्वल नुसतेच गुरगुरले. मुलांना तेच सगळ्यात आवडले. ती ओळ आता नाटकातच आहे. बाईंनी ती कुणालाही पुसू दिली नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल, एखादे जुने माणूस असेल. हाक मारूनही समोर येत नसेल, तर ते निकामी झाले असे धरून चालू नका. आवाज येतो का, कान देऊन ऐका. आणि काढून टाकण्याच्या बटणावर बोट ठेवण्याआधी एकदा शेजारच्या खोलीत डोकावून या. कोण जाणे, तिथे कुणीतरी केव्हाचे तयार होऊन तुमची वाट बघत उभे असेल.