मातीला घाई सोसत नाही

भिंत भर दुपारी खाली बसली. कोसळली नाही, दमलेल्या म्हशीसारखी हळूहळू बसली. सकाळपासून ओल्या थरावर ओला थर, असे तीन थर चढवून नरहरी लांजेवार आता गुडघाभर चिखलात उभे होते आणि चार पोरं पोट धरून हसत होती.

"काका, अट्ठाईस साल का एक्सपीरियन्स बैठ गया!" माणिक म्हणाला.

नरहरींनी डोळे वटारले. मग आपल्या मिशांनाही चिखल लागलाय हे ध्यानात आलं आणि तेही हसले. "चुकलो ना बे मी. मले इटा समजते, माती नाही समजत. चला, काढा सारी."

मोठा माणूस "चुकलो" म्हणतो, हे त्या पोरांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकलं.

नरहरी भंडाऱ्याकडचे. अठ्ठावीस वर्षं त्यांनी भिलाईच्या कारखान्यात भट्ट्यांना आतून विटांचं अस्तर लावलं आणि अठ्ठ्याऐंशीत निवृत्त होऊन भिलाईलगतच्या कुरुदला घर केलं. त्याच हिवाळ्यात वस्तीतली ही चार पोरं रेल्वे साइडिंगवरून लोखंड चोरताना सापडली. माणिक त्यांतला थोरला, सोळा वर्षांचा; बाप नाही, शाळा सुटलेली. जामिनाची सही करायला कुणी पुढे येईना, तेव्हा नरहरींनी केली. आता यांना गुंतवायचं कशात? कलावतीबाईंची बालवाडी झाडाखाली भरत होती; तिला एक खोली बांधायचं ठरलं. सिमेंट आणणार कोण? माती मात्र तळ्यात हवी तेवढी होती.

मातीच्या भिंती रचण्यात जवळच्या उतई गावच्या म्हाताऱ्या सुखरामचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून त्यालाच शिकवायला बोलावलं. तो बाजाराला गेला होता त्याच दिवशी नरहरींनी घाई केली. दुसऱ्या दिवशी चिखलाचा ढीग पाहून म्हातारा एवढंच म्हणाला, "माटी ल हड़बड़ी नइ सुहाय, बाबू."

मग एक थर, दोन दिवस ऊन, मग पुढचा थर. भाताचं तणस कापून मातीत घालायचं आणि पायांनी तुडवायचं. माणिकच्या पायांना माती कळायची. "अजून नाही झाली," तो म्हणायचा, आणि सुखराम पुन्हा तपासायचा नाही.

भिंती छातीपर्यंत आल्या आणि माणिक यायचा बंद झाला. भंगारवाल्या सेठने त्याला ट्रकवर बोलावलं होतं. चार दिवस नरहरींना जेवण गोड लागेना.

"सही माझी आहे ना," ते बायकोला म्हणाले.

"सही कागदावर केली तुमी," सुशीलाबाई म्हणाल्या. "पोराच्या कपाळावर नाही."

पाचव्या दिवशी, ऐन फाल्गुनात, आभाळ काळं झालं. नरहरी आणि तिघं पोरं पोती, पत्रे, हाती लागेल ते घेऊन धावले. निम्म्या भिंती उघड्याच होत्या. तेवढ्यात डोक्यावर भलीमोठी ताडपत्री घेऊन माणिक पळत आला.

"काका, वो कोना पकडो!"

पाचही जण अर्धा तास ताडपत्रीची टोकं धरून पावसात उभे राहिले. एक कोपरा वाहून गेला. बाकी भिंती वाचल्या.

"ताडपत्री कोनाची?" नरहरींनी विचारलं.

"सेठच्या ट्रकची."

"इचारून आणली का?"

माणिक ताडपत्रीची घडी घालू लागला.

"चाल. दोघं मिळून वापस देऊन येऊ."

सेठने दोघांनाही तोंडाला येईल ते ऐकवलं आणि माणिकला पुन्हा दारात उभं राहू नकोस म्हणून बजावलं. परतताना पोरगं वाहून गेलेल्या कोपऱ्यापाशी थांबलं. मग म्हणालं, "काका, त्या कोपऱ्याची माती आजच भिजू घालाले लागन."

वैशाखात खोलीवर कौलं चढली. बाहेर रस्ता भाजत होता आणि आत बालवाडीतली पोरं गार भिंतीला टेकून झोपी जात होती. सुखरामला उतईत एका मास्तरांचं घर बांधायचं होतं. त्याने मदतीला माणिकला मागून घेतलं.

माणिक निघताना नरहरींना पुष्कळ बोलायचं होतं. "जेवण टायमावर करजो," एवढंच ते बोलले. सायकल वळणाआड जाईपर्यंत ते रस्त्यात उभे राहिले.

कलावतीबाईंनी आतून विचारलं, "माणिक गेला का हो?"

"मिस्त्री गेले कामाले," नरहरी म्हणाले, आणि उंबऱ्याशी बसून लहानग्यांच्या चपला जोडीने लावू लागले.