दुसऱ्या नंबरची मुलगी

जर्मनीतल्या पंपांच्या कारखान्यात सहा महिने काम शिकायला कॉलेजातून एकच जण जाणार होता. शहाण्णव साली निवडीच्या यादीत पहिलं नाव लागलं संघप्रियाचं. मनालीचं दुसरं.

मनालीला ते काही केल्या गिळवेना. मुलाखतीसाठी संघप्रियाकडून इंग्रजी घोटून घेतलं होतं ते मनालीनेच. पण मुलाखतीत साहेबांनी पंप का बिघडतो असं विचारलं, तेव्हा मनालीने पुस्तकातलं उत्तर घडाघडा म्हटलं आणि संघप्रियाने खडू घेऊन सरळ फळ्यावर पंपच काढून दाखवला. तिचे वडील तळोज्याला फिटर. त्यांच्या हाताखाली पंप खोलतच ती मोठी झालेली.

"किती छान झालं!" मनाली चारचौघांत म्हणाली, आणि घरी येऊन न जेवता झोपली.

संघप्रियाच्या घरी फोन नव्हता. अर्जावर तिने मनालीच्या कळंबोलीच्या घरचा नंबर दिला होता. गुरुवारी सकाळी कॉलेजातून फोन आला.

"संघप्रियाला निरोप द्या. उद्या दोनच्या आत पासपोर्ट घेऊन ऑफिसात यायचं. नाही आली तर दुसऱ्या नंबरच्या मुलीला पाठवणार."

"सांगते," मनाली म्हणाली.

"कोणाचा गं?" आईने, जयमालाबाईंनी, स्वयंपाकघरातून विचारलं.

"राँग नंबर."

दिवसभर ती पुस्तक उघडं टाकून बसली. आपण काही केलेलंच नाही, असं स्वतःला समजावत राहिली. शुक्रवारी साडेअकराला मात्र आईने पान वाढलं आणि तिने ताट तसंच सरकवलं. ती उठली, चपला घातल्या, रिक्षा करून नावड्याला संघप्रियाच्या घरी गेली.

दारात बायजाबाई, संघप्रियाची आई, तांदूळ निवडत होत्या. "ये बाय, बस. च्या टाकते."

"नको, काकू. संघा, पासपोर्ट घे. दोनच्या आत कॉलेजात पोचायचंय. फोन आला होता."

"आत्ता?"

मनालीला खोटं बोलता आलं असतं. "काल सकाळी."

संघप्रिया आत गेली. मग फडताळातून पासपोर्ट काढला आणि म्हणाली, "चल. रिक्षा थांबलीय ना?"

कॉलेज जवळ आल्यावर संघप्रियाने विचारलं, "मी नसते पोचले तर तू गेली असतीस?"

"हो."

"मग आलीस कशाला?"

"नाही माहीत."

पावणेदोनला कागदांवर सही झाली. कारकुनाने संघप्रियाचं अभिनंदन केलं, शिपायाने पेढा मागितला. मनाली बाजूला उभी होती. निरोप पोचवून मन हलकं होईल असं तिला वाटलं होतं. पण संघप्रिया हसताना दिसली आणि मनालीने तोंड फिरवलं.

"आणि संपर्काचा नंबर बदला," संघप्रिया कारकुनाला म्हणाली. "आमच्या खालच्या वाण्याचा लिहा."