चाक ऐकणारा माणूस

शामकांत चीफ इंजिनिअर होते, आणि या जातीच्या माणसांना प्रत्यक्ष देव भेटला तरी ते आधी त्याच्या छातीला कान लावून बेअरिंग ठीक आहे का ते बघतील. उभा जन्म जहाजाच्या पोटात गेलेला. एखादा पंप कुरकुरू लागला की ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याच्यावर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. मग म्हणायचे, "आठवडाभर चालेल, पुढे नाही." आणि तो पंप खरोखर आठवड्याने राम म्हणायचा. खालची पोरं तोंडात बोटं घालायची. "चीफ साब के कान में डॉक्टर बैठा है," असं इंजिनरूममधल्या एका मोटरमनने म्हटलं होतं, आणि हे वाक्य शामकांत घरी आल्यागेल्याला ऐकवल्याशिवाय चहा पिऊ देत नसत.

दोन हजार तेरा साली ते दोन जहाजांच्या मधल्या सुट्टीत सिंगापुरात, पुंगोलच्या फ्लॅटवर होते. बायको प्रेमा एका शिपिंग एजन्सीत अकाउंट्स बघायची. ती सकाळी गेली की घरात हे एकटे. पुढच्या आठवड्यात गुरुवारी कंपनीची मेडिकल होती. या खेपेला कानांची तपासणी कडक होणार, असं ऑफिसातून कळवलं होतं, आणि तेव्हापासून चीफ साहेब दिवस मोजत होते.

कारण डॉक्टर कानातून उठून गेल्याची शंका त्यांना स्वतःला होती. मागच्या जहाजावरच डावा कान सतत गुणगुणायला लागला होता. कुणाला बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी प्रेमा दार उघडून आत आली तर घरभर करपल्याचा वास. कुकर शिट्ट्या मारमारून कोरडा पडला होता आणि हे हॉलमध्ये, चार पावलांवर, पेपर वाचत बसलेले.

"गुंग झालो होतो," ते म्हणाले.

प्रेमाने डाळीचं भांडं पाण्यात टाकलं आणि त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं. ते बघणं त्यांना चांगलंच लागलं.

कान गेला म्हणजे जहाज गेलं, हे त्यांना सांगायला कुणाची गरज नव्हती. त्याहून वाईट म्हणजे, नीट ऐकू न येणारा चीफ इंजिनरूममध्ये ठेवणं हा खालच्या पोरांच्या जिवाशी खेळ आहे, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाबद्दल असता तर हा निकाल त्यांनी एका वाक्यात दिला असता. स्वतःच्या बाबतीत मात्र त्यांना पुरावा हवा होता: कान शाबूत असल्याचा, आणि तोही गुरुवारच्या आत.

तो पुरावा त्यांना सापडला लॅपटॉपवर. बंदरांच्या बातम्या वाचताना बाजूला एक जाहिरात हलत होती. कॅप्टनची टोपी घातलेली एक मुलगी, पाठीमागे समुद्र, आणि तिच्यापुढे जहाजाच्या सुकाणूसारखं सजवलेलं एक मोठं चाक. रूलेट. 'सराव करा, पैसे लागत नाहीत,' असं लिहिलं होतं. शामकांतांनी आयुष्यात पत्त्यांवर कधी दमडी लावली नव्हती. पण फिरणारी वस्तू दिसली आणि ती न बघता पुढे गेले, असंही कधी झालं नव्हतं.

मुलीने चाक फिरवलं, पांढरी गोळी उलट्या दिशेने सोडली, आणि शामकांत थक्क झाले. काय ते यंत्र! इंजिन नाही, तेल नाही, सदतीस खाचा आणि एक गोळी. ती कडेकडेने सुसाट धावते, दमते, आत झुकते, कुठल्याशा उंचवट्यावर आपटून उडते आणि एका खाचेत जाऊन बसते, जणू तिचं तिथेच ठरलेलं होतं. इतकी साधी रचना, आणि पुढच्या क्षणाचा पत्ता कुणालाच नाही. त्यांनी हेडफोन चढवले. गोळीची घरघर कानात शिरली आणि त्यांचे डोळे आपोआप मिटले.

मग जे झालं त्याने त्यांच्या अंगावर काटा आला. गोळी फिरत असेपर्यंत आकडे लावायची मुभा होती. त्यांनी घरघरीचा उतार ऐकला, मनाशी म्हणाले 'सतराच्या आसपास', आणि सतरा व त्याच्या शेजारचे आकडे धरले. पडद्यावर चाक जवळ आलं. गोळी सतराला लागून असलेल्या खाचेत! पुढच्या वेळी आवाज त्यांना जरा जड वाटला. त्यांनी चाकाची दुसरी बाजू धरली. गोळी तिकडे! कधी चुकायचं, नाही असं नाही, पण दहात सात-आठ वेळा त्यांचा कान सांगेल तिथे ती गोळी निमूट जाऊन बसायची. सगळी नाणी खोटी, सरावाची. त्यांना नाण्यांशी देणंघेणंच नव्हतं. पहिल्या दिवशी दुपारी हेडफोन काढले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. "मला ऐकू येतंय," ते रिकाम्या घराला मोठ्याने म्हणाले.

मग रोज दुपार त्या चाकाची. त्यांच्या चालण्यात पुन्हा ऐट आली. खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांत, कोपी म्हणजे कॉफी विकणाऱ्याला दोनदा ऑर्डर विचारायला लावली तरी मनाला लावून घेतलं नाही. तो माणूसच पुटपुटतो, असं ठरवून टाकलं.

रविवारी सारंग जेवायला आला. सारंग म्हणजे प्रेमाच्या बहिणीचा मुलगा, पुण्याहून आलेला इंजिनिअर. त्याची कंपनी कॅसिनोंच्या खेळांची सॉफ्टवेअर तपासायची. आकडे खरोखर बेभरवशाचे पडतात ना, एवढंच बघून पगार घेतो, अशी त्याची घरात चेष्टा व्हायची. शामकांतांना याहून चांगला साक्षीदार कुठून मिळणार? थालीपीठ पानात पडायच्या आत त्यांनी लॅपटॉप टेबलावर मांडला, हेडफोनची वायर काढली आणि आवाज मोठा केला.

"बघ हं. मी ऐकून सांगतो."

सांगितलं, आणि लागलं. पुन्हा सांगितलं, पुन्हा लागलं. शामकांतांची छाती फुगली. सारंगचा चेहरा मात्र कौतुकाने फुलायच्या ऐवजी हळूहळू उतरत चालला होता.

"काका, किती दिवस असं लागतंय?"

"आठवडा झाला. का रे?"

"कारण खरं चाक कुणाचे लाड करत नाही. चांगल्या साइटवर सरावाचा खेळ आणि पैशांचा खेळ एकाच हिशेबाने चालतो. तिथे माणूस थोडं जिंकतो, थोडं जास्त हरतो. सरावात जी साइट इतकं जिंकवते ना, ती तुम्हाला खऱ्या टेबलावर नेण्यासाठी जिंकवते." त्याने साइटचं पान खाली सरकवलं. "हा परवान्याचा शिक्का बघा. यावर क्लिक केलं की परवाना देणाऱ्यांच्या पानावर जायला हवं. हे नुसतं चित्र आहे. आपण त्यांच्या यादीत नाव शोधू... नाहीच आहे. पैसे काढायचे नियम? 'लवकरच येत आहेत'. तुमच्याकडे काही मागितलंय का यांनी?"

"पासपोर्ट आणि कार्डाचा फोटो. मोठ्या टेबलासाठी. तिथे आवाज अजून साफ येतो म्हणे."

"पाठवला?"

"स्कॅन करून ठेवलाय. उद्या पाठवणार होतो."

"डिलीट करा आधी," सारंग म्हणाला. "ओळख खऱ्या साइटही मागतात, पण त्या आधी स्वतःची सांगतात. आणि इथे तर या सगळ्यावर कायदा येणार म्हणतायत. कशाला नसती कटकट, काका? 'नो नीड ला', काही गरज नाही, असं आमचा इथला बॉस म्हणेल."

शामकांत चिडले. चांगलेच चिडले. "साइट चोर असेल! पण मी आकडे ओळखतोय ते ऐकून ओळखतोय ना? चाक तर खरं आहे! त्याचा आवाज मला कळतोय!"

थालीपीठ उलटायला गेलेली प्रेमा स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती. हातात कालथा.

"अहो," ती म्हणाली, "ती मुलगी दर वेळी तस्सं कसं खोकते?"

"कोण खोकतंय?"

"तीच. गोळी सोडली की थोड्या वेळाने. बारीकसं, तोंडावर हात धरल्यासारखं. मघापासून ऐकतेय. आणि लगेच मागे कुणीतरी खुर्ची सरकवतं. दर वेळी खोकला, मग खुर्ची."

शामकांतांनी सारंगकडे बघितलं. सारंगने होकारार्थी मान हलवली. एकदा सांगितल्यावर त्यालाही ते येत होतं. शामकांतांनी कान टवकारले, डावा, मग उजवा, शेवटी कान स्पीकरला टेकवला. घरघर होती. खोकला नव्हता. खुर्ची नव्हती. त्यांच्यासाठी त्या खोलीत कुणी खोकलंच नव्हतं.

सारंगने तीन वेळच्या फिरण्याचे आवाज रेकॉर्ड केले आणि पडद्यावर एकाखाली एक मांडले. तीन रेघा. चढ तोच, उतार तोच, खोकल्याचं बारकं टेंगूळ तिथल्या तिथे. फिरणाऱ्या चाकाची एकच फीत ती साइट पुन्हा पुन्हा दाखवत होती. आकडे लावून झाले की पडद्यावर चाक जवळ यायचं, तेव्हा फीत बदलायची, आणि तुम्ही धरलेल्या आकड्यांकडे बघून शेवट जोडला जायचा. खात्री म्हणून सारंगने आवाज पूर्ण बंद केला आणि डोळे मिटून वाट्टेल तिथे बोट ठेवलं. गोळी आज्ञाधारकपणे त्याच्या बोटाशी आली.

साइटने फसवलं याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. एकच आवाज, अगदी तोच, आठवडाभर ऐकून त्यांनी त्यात उतार ऐकले होते, जडपणा ऐकला होता, डावं-उजवं ऐकलं होतं. हे सगळं त्यांनी स्वतःच बनवलं होतं. उद्या जहाजावर एखाद्या पंपाला ते असेच कान लावतील, डोळे मिटतील, आणि जे ऐकायचंय ते ऐकतील. आणि खाली पोरं उभी असतील, त्यांच्यावर विश्वास ठेवून.

"मला खरं चाक दाखव," ते म्हणाले. "खेळायचं नाही. नुसतं बघायचंय."

सारंगने त्याच्या कामातली एक साइट उघडली. परवान्याचं पान आधी दाखवलं, तपासणाऱ्या लॅबचं नाव दाखवलं, खेळण्याआधी स्वतःवर घालून घ्यायची मर्यादा कुठे असते तेही दाखवलं. मग कुठल्यातरी लांबच्या देशातल्या स्टुडिओतलं टेबल आलं. ना समुद्र, ना कॅप्टनची टोपी. काळ्या शर्टातला एक कंटाळलेला माणूस आणि एक चाक.

गोळी सुटली. थालीपीठं गार होत होती आणि तिघंही टेबलाशी वाकून बघत होते. गोळी धावली, दमली, झुकली, उडाली, एका खाचेत शिरून बाहेर आली आणि पलीकडे कुठेतरी बसली. पुन्हा सुटली. कधी लागोपाठ त्याच खाचेत, कधी अगदी समोरच्या. त्यात काही क्रम नव्हता, कुणाची मर्जी नव्हती.

"तुला सांगता येतं, आता कुठे जाईल?" शामकांतांनी विचारलं.

"नाही."

"तुझ्या त्या लॅबला?"

"त्यांनाही नाही. कुणालाच येत नाही याची खात्री करणं, हेच तर आमचं काम."

शामकांत बघत राहिले. जन्मभर त्यांनी यंत्रांना बोलतं केलं होतं, आणि हे एक यंत्र होतं जे जगात कुणाशीच बोलत नव्हतं. ना त्यांच्याशी, ना चांगल्या कानाच्या माणसाशी. त्यापुढे त्यांना एकदम लहान वाटलं, आणि गंमत म्हणजे त्याचं वाईट वाटलं नाही. देवळात गेल्यावर माणूस जसा उगाच हळू बोलतो, तसे ते हळू आवाजात म्हणाले, "काय प्रामाणिक आहे गं हे." प्रेमाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तिच्या हाताला पीठ होतं. तिने ते पुसलं नाही.

गुरुवारी क्लिनिकमध्ये त्यांना काचेच्या एका छोट्या खोलीत बसवलं. जाड दार लागलं आणि जगच बंद झालं. कानांवर हेडफोन, हातात वायरला जोडलेलं बटण. सूर ऐकू आला की दाबायचं. बाहेर बसलेली चिनी मुलगी यंत्राच्या कळा दाबताना काचेतून स्पष्ट दिसत होती, आणि जहाजावरच्या प्रत्येक जुन्या माणसाला माहीत असलेली युक्ती शामकांतांनाही माहीत होती: सूर ऐकायचा नसतो, तिचं बोट बघायचं असतं. पुष्कळांनी अशीच वर्षं काढली होती.

शामकांतांनी खुर्ची फिरवून काचेकडे पाठ केली.

सुरुवातीचे जाड सूर आले. त्यांनी दाबलं. मग सूर बारीक होत गेले. एक आला, खूप लांबून, त्यांनी दाबलं. त्यानंतर शांतता. त्यांना इतकी शांतता कधी मिळाली नव्हती. या शांततेत आत्ता सूर येत असणार, एकामागून एक, प्रेमाला ऐकू आले असते असे. असेल, असं वाटून अंगठा एकदा हलला. आवाज आहे की मीच बनवतोय? त्यांनी अंगठा बटणावरून उचलला आणि तळहात गुडघ्यावर उघडा ठेवला. भीती होती, आणि तिच्या जोडीला काहीतरी मोठं, स्वच्छ, त्यांना नाव न देता येणारं.

बराच वेळ गेला. दार उघडलं आणि त्या मुलीने डोकं आत घातलं.

"अंकल, बटन नॉट वर्किंग अह?"

"बटण चांगलं आहे," शामकांत तिला इंग्रजीत म्हणाले. आणि मग, जन्मात पहिल्यांदा, तोंडाने म्हणाले, "मला ऐकू येत नाही."