खुर्चीला मिळालेली भूमिका

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. मित्रांनो, एवढ्यावरून माझ्याकडे पाठ फिरवू नका. तुमच्या घरात, शाळेत माझ्या बहिणी पुष्कळ असतील, पण त्यांच्यापैकी कोणी चित्रपटात काम केलेले नसेल. मी केले आहे, तेही मुख्य भूमिकेत. हे सांगताना मला गर्व वाटतो आणि थोडी लाजही वाटते, कारण ती भूमिका आधी एका माणसाला मिळाली होती.

उंच पाठ, रुंद हात आणि बसणाऱ्याला आपण कोणीतरी आहोत असे वाटावे, अशी माझी ठेवण. म्हणून मला एका कचेरीत साहेबांच्या खोलीत ठेवले. किती साहेब बसले आणि उठले, त्याला गणती नाही. बसताना सगळे ऐटीत बसत, उठताना मात्र प्रत्येकाला जड जाई. लोक आत येत, वाकत, ओढूनताणून हसत. साहेब रजेवर असले तरी शिपाई माझ्यासमोरून दबकत जाई, तेव्हा हा मान माझाच आहे अशी माझी खात्री पटे. पुढे गोल फिरणाऱ्या, चाकांच्या खुर्च्या आल्या आणि माझी उचलबांगडी अडगळीच्या खोलीत झाली. तिथल्या ओलीने माझे सांधे सैल पडले. कोणी नुसता हात टेकला तरी मी करकरू लागले. मग हात टेकणारेही येईनासे झाले.

एके दिवशी एक तरुण दिग्दर्शिका चित्रीकरणासाठी आमची कचेरी बघता बघता त्या खोलीत आली. तिला एका नव्या कादंबरीवर चित्रपट करायचा होता. कादंबरी विनोदी, पण चांगलीच बोचरी होती. एका कचेरीतले साहेब बदलून जातात आणि नवे येतच नाहीत, पण कामकाज काही थांबत नाही. कर्मचारी रिकाम्या खुर्चीपुढे अर्ज धरतात, ती करकरली की ‘मंजूर’ म्हणत बाहेर येतात. हळूहळू खुर्चीची मर्जी सांभाळणारे तयार होतात, तिच्या कानाला लागणारेही तयार होतात. दिग्दर्शिकेला नेहमीचा चित्रपट करायचा नव्हता. गाणी नाहीत, बोलणे अगदी थोडे, सगळे एकाच खोलीत आणि कॅमेरा जागचा हलणार नाही. पुस्तकात जे शब्दांनी हसवते, ते इथे माणसांच्या थांबण्याने हसवायचे, असे तिने मनाशी ठरवले होते. माझी करकर ऐकताच तिने त्या खुर्चीच्या कामासाठी मलाच निवडले.

कर्मचाऱ्यांना मनात जे साहेब दिसतात, ते पडद्यावर दिसावेत म्हणून तिने आपल्या मामांना घेतले. मामा जुने नाटकवाले. अलीकडे संवाद आठवेनासे झाले, म्हणून त्यांची कामे बंद पडली होती. या साहेबांना बोलायचे काहीच नव्हते.

“माझ्यासाठीच लिहिलंय गं हे,” ते भाचीला म्हणाले.

तालमीला ते रोज माझ्यावर बसत. कुठे भार दिला की मी आखूड करकरते, कुठे दिला की लांबवते, ते त्यांनी शोधून काढले. आखूड म्हणजे हो, लांब म्हणजे नाही आणि तुटक म्हणजे बघू. त्यांचे हात थरथरत. माझे हात घट्ट धरले की ती थरथर थांबे. मला ते मामा फार आवडले.

एकदा कादंबरीच्या लेखिका तालीम बघायला आल्या. मामा बसले, कर्मचारी वाकले, सगळे खळखळून हसले. लेखिका हसल्या नाहीत.

“काम जमत नाहीये का?” मामा घरी गेल्यावर भाचीने विचारले.

“काम फार छान करतात, तीच तर पंचाईत आहे,” त्या म्हणाल्या. “साहेब दिसले की सगळा दोष साहेबांवर जातो आणि बघणारे मोकळे होतात. माझ्या पुस्तकात दोष वाकणाऱ्यांचा आहे. बाकी चित्रपट तुमचा, तुम्ही ठरवा.”

भाचीला ते पटले. साहेब दाखवायचेच नाहीत, नुसती खुर्ची दाखवायची, असे ठरले. मामांना सांगायचे तेवढे राहिले. आज सांगू, उद्या सांगू करता करता चित्रीकरणाचा दिवस उजाडला. मामा कोट घालून आले, तर सगळे दिवे रिकाम्या माझ्यावर लावलेले.

“बसू ना मी?” त्यांनी विचारले. कॅमेरावाल्याने भाचीकडे पाहिले.

“मामा, साहेब दाखवायचेच नाहीत, असं ठरलंय.”

“कधी ठरलं?”

“मागच्या आठवड्यात.”

मामांनी कोट काढला, हातावर घेतला आणि ते बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. घरी गेले नाहीत. घरी बहीण विचारेल, इतक्या लवकर कसा आलास म्हणून. मला अपराध्यासारखे वाटत होते, पण खुर्चीला आपली जागा सोडून उठता येत नाही.

त्यात दुसराच घोटाळा झाला. चित्रपटाच्या सुतारकाकांना कोणीतरी सांगितले होते, ही खुर्ची मुख्य आहे, नीट सांभाळा. काकांना माझी दया आली. त्यांनी आदल्या दिवशी माझा सांधा न् सांधा खिळखिळा आहे हे पाहिले, सरस घातला आणि पाचरी मारून सगळे आवळून टाकले. पहिल्या दृश्यात हेडक्लार्क झालेल्या नटाने अर्ज पुढे धरला, मी करकरावे म्हणून मागून एकाने माझ्या पाठीला बांधलेला दोरा ओढला आणि मी गप्प.

“काका, हिचा आवाज कुठे गेला?”

“गेला कायमचा,” काका अभिमानाने म्हणाले. “आता हत्ती बसला तरी हूं की चूं करायची नाही.”

भाचीने कपाळाला हात लावला. दार, कपाट, दुसऱ्या खुर्च्या, सगळे करकरवून पाहिले. त्या आवाजांत करकर होती, पण उत्तर नव्हते. आवाज मागाहून जोडता आला असता, पण समोरची माणसे त्या आवाजाकडे कान लावून थांबतात, त्या थांबण्यावरच सगळा चित्रपट उभा होता. आणि कचेरी सुट्टीपुरतीच मिळाली होती. शेवटी भाची बाहेर बाकाजवळ गेली. दार उघडे होते, म्हणून मला सगळे ऐकू आले.

“मामा, काकांनी खुर्ची मुकी केली.”

“बरं झालं. आता दोघंही बिनकामाचे.”

“मी तुला आधी सांगायला हवं होतं. धीर झाला नाही.”

“काम काढून घेतलंस त्याचं एवढं नाही गं. नाटकात असं होतं. पण काल फोनवर विचारलं, कोटाला इस्त्री करू का, तर म्हणालीस, करून ठेव.”

ती बाकावर त्यांच्या शेजारी बसली. मग म्हणाली, “खुर्चीला काय म्हणायचं असतं, ते तुझ्याशिवाय कुणालाच येत नाही.”

मामा आत आले. त्यांनी तो कोट माझ्यामागे जमिनीवर अंथरला आणि कॅमेऱ्याला दिसणार नाही असे त्यावर बसले. हेडक्लार्कने पुन्हा अर्ज धरला. “साहेब, रजा मंजूर समजू ना?”

मामांच्या घशातून तुटक आवाज निघाला. हुबेहूब माझा. हेडक्लार्क इतका गडबडला की “बरं साहेब, उद्या येतो,” म्हणून पाठ न फिरवता मागे मागे सरकत निघून गेला. हे कुठेच लिहिलेले नव्हते. भाचीने ते तसेच ठेवले.

पुढचे सगळे चित्रीकरण असेच झाले. मामा वेळेवर येत, जीव ओतून काम करत, पण भाचीशी कामापुरतेच बोलत.

चित्रपटाच्या पहिल्या खेळाला मला सभागृहाबाहेर मांडून ठेवले होते. आतून आधी हसू ऐकू आले, मग हसू थांबल्यावरची शांतता. शेवटी पडद्यावर ‘साहेब’ आणि त्यापुढे फक्त मामांचे नाव आले म्हणे. बाहेर पडणारे लोक मला वळसा घालून जात होते. एका गृहस्थांचा पाय लागला, तर ते मलाच “सॉरी” म्हणाले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मी आता सांगणार हे तुम्ही ओळखलेच असेल. पण सुतारकाकांनीही मला जपलेच होते. म्हणून एवढेच मागते, दुरुस्त करण्याआधी आमच्यातले काय राखायचे ते विचारा. आणि कोणा माणसाला त्याच्या जागेवरून उठवायचे असेल, तर ते त्याला आधी सांगा, तोंडावर सांगा.

गर्दी ओसरल्यावर मामा आले आणि माझ्यावर बसले. मागोमाग भाची आली.

“मामा, राग गेला असं समजू?”

मामांनी समोर बघत तुटक आवाज काढला. बघू.

भाची हसली नाही. ती माझ्या पायाशी जमिनीवर बसून राहिली. झाडूवाला येऊन गेला, सभागृहातले दिवे एकेक करून बंद झाले, तरी ती उठली नाही. मग माझ्या हातांवरची मामांची पकड सैल झाली आणि एक आखूड आवाज आला. मित्रांनो, तो माझा नव्हता, पण मला वाटले, मीच हो म्हणाले.