अडीच किलोचं बाळ

डोर्सिलानं तीस वर्षं सरोवराच्या काठावर मासळी विकली होती. त्या काळात दलालांनी पारडं अंगठ्यानं उचलून, काट्याखाली चुंबक चिकटवून, मासे ओले आहेत म्हणून पाण्याचे वजा करून तिच्या मासळीचं वजन कमी दाखवलं होतं. वजन वाढवून दाखवणारा लुच्चा मात्र तिला आज सकाळी, सरकारी दवाखान्यात, नातवाच्या निमित्तानं पहिल्यांदाच भेटला.

"अडीच किलो!" दवाखान्याचा प्रमुख वायक्लिफ म्हणाला. तो डॉक्टर नव्हता, पण कुणी तसं म्हटलं तर दुरुस्त करण्याइतका उद्धटही नव्हता. चौदा महिन्यांत त्याच्याकडे अडीच किलोच्या आतलं एकही बाळ जन्मलं नव्हतं, आणि त्याबद्दल वरच्या साहेबांनी त्याला प्रशस्तिपत्र दिलं होतं. बायका बिचाऱ्या उगाच स्वतःला श्रेय देत होत्या.

नातू काट्यावर जाड घोंगडीत होता. बाहेर दिसत होतं ते सुरकुतलेलं, म्हाताऱ्यासारखं तोंड.

"घोंगडीचा धडा केलास? तिचं वजन वगळलंस?" डोर्सिलानं विचारलं.

"आजी, हा मासळीबाजार नाही."

"नाहीच. तिथे लोक लाजतात तरी."

शेजारच्या खाटेवर सून मिलका सलाईन लावून कुडकुडत होती. मलेरिया. बाळामागून वार पडली ती काळपट. तापानं त्या वारेतच ठाण मांडून पोराचं खाणं अडवलं होतं. खरं तर गरोदरपणात दर तपासणीला मलेरिया टाळायच्या तीन गोळ्या दवाखान्यातच, समोर गिळायच्या. पण तिथे प्यायला पाणी नव्हतं. वायक्लिफ गोळ्या पुडीत बांधून घरी देई आणि 'समोर गिळल्या' अशी खूण करी. पुड्या मिलकाच्या टोपलीत तशाच राहिल्या. डोर्सिलानं त्या पाहिल्या होत्या, पोरीचे नखरे म्हणून सोडूनही दिल्या होत्या. हे आठवलं की तिला वायक्लिफचा दुप्पट राग येई. स्वतःवर रागवायला सवडच नव्हती.

तिनं पुढे होऊन घोंगडी सोडली. बाळ उघडं काट्यावर ठेवलं. काटा एक किलो नऊशेवर थांबला. मग तिनं पोराला चटकन पुन्हा गुंडाळून उराशी धरलं आणि दुसरी, तशीच घोंगडी काट्यावर टाकली.

"चारशे हिचे. वरचे दोनशे कुणाचे?"

"ते... वरच्या अर्ध्या किलोला धरतो आम्ही."

"दोनशे देवानं पदरात टाकले होय!"

दारातल्या रांगेतली एक बाई खुदकन हसली. वायक्लिफनं आवाज खाली आणला. "एक नऊशे लिहिलं तर मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागेल."

"मग पाठव."

"गाडी मागवावी लागेल."

"मग मागव."

"आणि कमी वजनाच्या रकान्यातलं माझं शून्य जाईल हो, आजी."

"शून्याला दूध लागत नाही. याला लागतं. फोन लाव!"

त्यानं फोन लावला. गाडी तासाभरानं येणार होती. पोराचे पाय बर्फासारखे गार पडले होते.

"आईच्या छातीवर द्या," वायक्लिफ पुस्तकात वाचल्यासारखं म्हणाला. "अंगाला अंग लागलं पाहिजे."

"ती स्वतःच थरथरतेय. माझी नुसती हाडं." डोर्सिलानं त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, मधल्या भागाला जरा वेळ लागला. "शर्ट काढ."

"काय?"

"सरकारनं एवढं पोसलंय ते कशाला? काढ म्हणते ना!"

रांगेतल्या अकरा बायकांसमोर त्यानं बटणं सोडली. डोर्सिलानं बाळ त्याच्या छातीवर पालथं ठेवलं, वरून घोंगडी बांधली. तासभर तो हलला नाही. एकदा खाजवायला हात उचलला, तर तिनं डोळे वटारले.

गाडी आली. मिलकाला खाटेसकट चढवलं. वायक्लिफ गाठ सोडायला लागला.

"राहू दे," डोर्सिला म्हणाली. "तू पण चल. वाटेत काय मी धरू?"

तो तसाच, घोंगडी सावरत, गाडीत चढला. रस्ता खड्ड्यांचा. थोड्या वेळानं घोंगडीखाली वळवळ सुरू झाली.

"आजी," तो घाबरून म्हणाला, "हे तोंड उघडून काहीतरी शोधतंय."

डोर्सिलानं घोंगडीत डोकावून पाहिलं. सकाळपासून तिला पहिल्यांदा बरं वाटलं.

"शोधू दे. जगायचंय त्याला. तुझ्याकडे काही नाही, हे अजून कळलेलं नाही त्याला."