वाडीतला पंधरा मीटरचा रस्ता

पापडी गावच्या क्लेमेंटीनने मुलांपायी शाळेतली नोकरी सोडली होती. आता मुलं मोठी झाली, आणि घरी बसून तिचा जीव उबगला. विलास सरांनी वसईतल्या आपल्या क्लासमध्ये दहावीच्या पोरांसमोर एक तास घ्यायला सांगितलं. जमलं तर नोकरी, नाहीतर रामराम.

विषय वर्गसमीकरणं. तिने घरच्या वाडीवरूनच गणित बेतलं. वीस बाय बारा मीटरची वाडी, चारी कडांनी आतून सारख्या रुंदीचा रस्ता, मधे लागवडीला एकशे ऐंशी चौरस मीटर. रस्ता किती रुंद? अवयव पाडले आणि उत्तरं आली दोन, एक आणि पंधरा.

आता सरांच्या क्लासची एक शिस्त होती. ऋण उत्तर खोडायचं, धन उत्तर ठेवायचं. पोरांच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की डोकं चालवायची वेळच येत नसे.

"दोन्ही धन! दोन्ही ठेवा, टीचर!" वर्ग ओरडला.

मागच्या बाकावरून सरांनीही मान डोलावली. "बरोबर. पुढे घ्या."

बारा मीटरच्या वाडीत पंधरा मीटरचा रस्ता! अगदी ओठांवर आलं होतं. पण नोकरी हवी होती. तिने दोन्ही उत्तरं फळ्यावर लिहिली. नोकरी लागली.

पुढच्या चाचणीत सरांनी तेच गणित घातलं. दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण देत क्लेमेंटीनचा लाल पेन सुसाट चालला होता, तो उन्नतीच्या पेपरवर अडला. पोरीने पंधरावर काट मारून शेजारी लिहिलं होतं, 'एवढा रस्ता वाडीत मावत नाही.' सरांच्या हिशेबाने तिचा एक गुण जात होता.

क्लेमेंटीनला स्वतःची लाज वाटली. तिने उन्नतीला पूर्ण गुण दिले. मग तपासलेला गठ्ठा पुन्हा पुढ्यात ओढला, आणि कुणाचेही गुण न कापता प्रत्येक पेपरवर लिहू लागली, 'पंधरा हे उत्तर चूक. फळ्यावर मीच चुकीचं लिहिलं होतं.'

सर आले, वाचून चपापले. "टीचर, हे पेपर घरी जातात. पालक काय म्हणतील?"

"उद्या वर्गातही सांगणार आहे, सर."

"आणि मी 'बरोबर' म्हणालो होतो, तेही?"

"पोरांनी ऐकलंय ते."

सरांनी हातातला पेपर गठ्ठ्यावर ठेवला. "मग उद्यापासून येऊ नका."

"बरं," क्लेमेंटीन म्हणाली, आणि तिने पुढचा पेपर घेतला.