न गिळलेला चहा

प्रयोगाच्या दिवशी आमच्या खोलीत वेळ पाण्यासारखा साचून राहतो. सहा खाटा, सहा पातळ चादरी, भिंतीवर एकच मोठं घड्याळ. माणसं रात्रीपासून काही न खाता सकाळी सातला येतात, हातात सुई बसवून घेतात आणि संध्याकाळपर्यंत पडून राहतात. नऊ वाजता प्रत्येकाला एक कप ग्रीन टी मिळतो, बिनसाखरेचा, बिनदुधाचा. मग आधी दर अर्ध्या तासाने आणि पुढे दर तासाने मी त्यांचं थोडं थोडं रक्त घेते. चहात कॅटेचिन नावाचे पदार्थ असतात. बाहेर त्यांनाच सगळे अँटिऑक्सिडंट म्हणतात. ते रक्तात कधी उतरतात, किती उतरतात आणि कधी निघून जातात, एवढंच आम्ही बघतो.

पडून पडून माणसं पेंगतात. मग कुणीतरी विचारतं, चहा आता कुठवर पोचला? मी हळू आवाजात सांगते. आता जठरातून बाहेर पडला. आता लहान आतड्याच्या भिंतीशी आहे. शंभरातल्या चार-पाचांनाच दार उघडेल, बाकीचे पुढे जातील. जे आत गेले त्यांना यकृत नको असलेल्या पाहुण्यासारखं वागवतं. बसा म्हणतं आणि तेवढ्यात त्यांच्या पिशव्याही दाराशी नेऊन ठेवतं. प्रत्येकाला एक चिठ्ठी चिकटवतं, की याला मूत्रपिंडाच्या वाटेने सोडा. दीड-दोन तासांनी रक्तात त्यांची गर्दी सगळ्यात जास्त असते, संध्याकाळपर्यंत रस्ता पुन्हा मोकळा होतो. हे ऐकता ऐकता बरेच जण झोपतात. ओठ किंचित उघडे असतात, आणि मला वाटतं, हे आपल्याच आतल्या वाटेने कुठेतरी चालले आहेत.

त्या दिवशी खिडकीजवळच्या दोन खाटांवर एक नवराबायको होते. आम्हाला दोन गट हवे होते: रोज चहा पिणारे दहा आणि आयुष्यात कधीच चहा न प्यालेले दहा. पहिल्या गटाला माणसांचा तोटा नव्हता. दुसऱ्यासाठी मात्र दिवा घेऊन माणसं शोधावी लागली. नऊ मिळाली आणि गाडी अडली. तेव्हा त्या जोडप्यातल्या काकू पहिल्या गटात नाव द्यायला आल्या आणि म्हणाल्या, न पिणारा एक आहे माझ्या घरात.

तो न पिणारा चहाच्या कंपनीत टेस्टर होता. साठीचे, सडपातळ, हळू बोलणारे. सगळे त्यांना टेस्टरकाका म्हणत, म्हणून आम्हीही. पहिल्याच भेटीत त्यांनी मला त्यांचं काम सांगितलं होतं. लांब टेबलावर ओळीने कप मांडलेले असतात, दिवसाला दोनशेवीसच्या आसपास. प्रत्येकातून एक चमचा घ्यायचा, जोरात भुरका मारायचा, जिभेवर घोळवायचा आणि कमरेइतक्या उंच पिकदाणीत थुंकायचा. "ज्यांच्या हाताखाली शिकलो ते सांगायचे, गिळला की जीभ लाडावते," ते म्हणाले. "चौतीस वर्षं झाली. एक घोट पोटात गेलेला नाही."

तिथेच थांबून मी विचार करायला हवा होता. मी केला नाही. दहावा माणूस मिळाल्याच्या आनंदात त्यांचं नाव यादीत घातलं आणि सगळ्यांना देतो ती सूचना त्यांनाही दिली: आठवडाभर चहा, सफरचंद, द्राक्षं, चॉकलेट वर्ज्य. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे कामावर गेले.

त्या सकाळी सुई बसवताना काकू माझ्याशी बोलत होत्या. आवाज हळू होता, पण काका दोन हातांवर होते आणि त्यांना सगळं ऐकू जात होतं. महिनाअखेर ते निवृत्त होणार होते. काकूंनी विचारलं होतं, आता ही जीभ कुणाच्या नोकरीत नाही, तर दुपारी माझ्याबरोबर एक कप घेत जाल का? ते म्हणाले होते, या वयात आता नवं कशाला. त्यावर काकूंनी थोरल्या बहिणीला कळवून टाकलं होतं की रविवारी येते, आणि राहायलाच येते. भांडण झालं नव्हतं. एकतीस वर्षं त्या घरात मिरची नाही, लोणचं नाही, वासाचा साबण नाही. दुपारचा चहाही त्यांनी एकटीनेच प्यायचा, खिडकी उघडून.

"यांच्या जिभेशी लग्न झालं माझं," त्या म्हणाल्या. "बाकीचा माणूस कुठे असतो, मला काही माहीत नाही."

काका छताकडे बघत पडले होते.

"आणि तुमचा कप मात्र लगेच घ्यायला तयार. म्हणे विज्ञानासाठी. विज्ञान काय, मावशी लागते यांची?"

आमचा नियम असा, की कप देण्याआधी आदल्या रात्रीच्या लघवीचा नमुना तपासायचा. तो कोरा हवा, चहाचा मागमूसही नको, नाहीतर दिवस वाया. काकूंचा कोरा निघाला. आठवडाभर चहा सोडून, डोकं धरून त्यांनी नियम पाळला होता. काकांच्या आलेखावर मात्र सपाट रेषेच्या मध्यावर एक लहानशी टेकडी होती.

मी नमुना यंत्रात पुन्हा लावला. टेकडी तिथेच.

ती टेकडी कशाची हे मला पाठ होतं. लहान आतड्याने दार न उघडलेले कॅटेचिन मोठ्या आतड्यात उतरतात. तिथे उजेड नाही, घाई नाही, अब्जावधी जिवाणूंची वस्ती आहे. ते कॅटेचिनची कडी सावकाश उघडतात, तुकडे करतात, आणि ते तुकडे रात्रभर रक्तात झिरपत राहतात. माणसाच्या शरीराला स्वतःला हे तुकडे करता येत नाहीत. म्हणजे तुकडा दिसला, की तिथवर चहा पोचला होता. सफरचंदातून, चॉकलेटमधूनही पोचू शकतो, पण काकांची खाण्याची वही मी दोनदा वाचली. तिच्यात भात, भाजी, दही याखेरीज काही नव्हतं.

प्रयोग चालवणाऱ्या आमच्या मॅडमनी आलेख पाहिला आणि म्हणाल्या की माणूस खोटं बोलला, नाव काढ. त्या कठोर नाहीत. आधी फसल्या आहेत, एवढंच. मी अर्धा तास मागून घेतला.

काकांना मी जमेल तितकं साधं करून सांगितलं. ते उठून बसले. त्यांच्या एका शब्दावर कंपनी गोदामंच्या गोदामं चहा घेते किंवा परत पाठवते, असं काहीसं बोलले. काकूंनी कूस बदलली.

"कुणाबरोबर पिता?" त्यांनी विचारलं.

पिता का, असं त्यांनी विचारलं नाही. इतक्या हळू आवाजातला प्रश्न मी त्या खोलीत कधी ऐकला नव्हता.

तेव्हा मला सुचलं ते आधीच सुचायला हवं होतं. मी तराजू आणला, दशांश ग्रॅम दाखवणारा. पेल्यात साधं पाणी घेतलं आणि चमच्यासकट वजन केलं. थुंकायच्या रिकाम्या भांड्याचंही केलं. काकांना म्हटलं, हा चहा समजा. दहा कप चाखा, अगदी कामावर चाखता तसे.

त्यांनी पाठ सरळ केली. पहिला भुरका इतका जोरात होता की पलीकडच्या खाटेवरचा माणूस दचकून जागा झाला. काकूंनी नवऱ्याला काम करताना कधी पाहिलं नव्हतं. त्या कोपरावर रेलून बघत राहिल्या. भुरका, घोळवणं, थुंकणं, सगळं एका तालात, दहा वेळा. डोळे अर्धे मिटलेले. साध्या पाण्यातही ते काहीतरी शोधत होते.

मी वजनं केली. पेल्यातून ब्याऐंशी ग्रॅम पाणी गेलं होतं. भांड्यात साडेसत्याहत्तर आलं होतं. थोडे शिंतोडे हवेत उडाले असतील, उलट थोडी लाळही भांड्यात मिसळली असेल. तरी दर चाखण्यामागे जवळपास अर्धा ग्रॅम परत आलेला नव्हता. तो जिभेवर, गालांच्या आत, दातांच्या फटीत राहिला होता, आणि बोलता बोलता नकळत घशाखाली गेला होता.

"दिवसाला दोनशेवीस," मी म्हटलं. "म्हणजे शंभर ग्रॅमच्या आसपास. एक लहान कप."

काकांनी भांड्यातल्या पाण्याकडे पाहिलं. "रोज?"

"कामाच्या प्रत्येक दिवशी."

"माझ्या जिभेला कळलं कसं नाही?"

"आतड्याला कळत होतं," मी म्हणाले.

काकूंच्या खाटेतून आधी नुसता श्वासाचा आवाज आला. मग चादर हलायला लागली. त्या हसत होत्या, सुई लावलेला हात जपून बाजूला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "चौतीस वर्षं पिताय," त्या म्हणाल्या, "आणि पाहुणा घरात आल्याचा घरमालकालाच पत्ता नाही."

मॅडमना मी वजनांचा कागद दाखवला. त्यांनी 'खोटं बोलला' हे शब्द मागे घेतले, पण नाव काढायचं ते काढलंच. न पिणाऱ्यांमध्ये काका आता बसत नव्हते. चूक माझी होती आणि तशी मी वहीत नोंदवली. काकांच्या हातातली सुई काढली, कापूस दाबून धरायला सांगितला. नऊ वाजता काकूंनी आपला कप घेतला.

काका घरी जाऊ शकत होते. त्यांनी बूट घातले, लेस बांधली आणि तसेच खाटेच्या कडेवर बसून राहिले. ऊन खिडकीतून जमिनीवर आलं, चादरीवर चढलं. खोली पुन्हा पेंगायला लागली. मी काकूंचं तिसऱ्या तासाचं रक्त घेत होते तेव्हा काकूंनी विचारलं, यांच्या वाट्याचा तो चहा, तो आता फेकून देणार का?

तो मोजून ठेवलेला होता आणि फेकूनच द्यायचा होता. मी पाणी ऐंशी अंशांपर्यंत तापवलं, तीन मिनिटं पानं भिजू दिली, गाळून कप काकांच्या हातात दिला.

सवयीने त्यांनी भुरका मारला. घोळवला. मग मान वळवून ते थुंकायला काहीतरी शोधू लागले. खाटेपाशी काहीच नव्हतं. गाल फुगवून, कप हातात धरून साठ वर्षांचा माणूस बसला होता, आणि काकू त्यांच्याकडे बघत होत्या. आता हसत नव्हत्या.

त्यांनी गिळला. गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली.

"पानं जरा उशिरा खुडलीत," ते म्हणाले. "आणि वाफ देताना..."

"कसा आहे ते सांगू नका," काकू म्हणाल्या. "नुसता प्या."

ते थांबले. पुढचा घोट आवाज न करता घेतला. तो कप संपायला वीस मिनिटं लागली. रिकामा कप मांडीवर ठेवून त्यांनी बूट काढले आणि खाटेवर आडवे झाले.

"कुठे असेल आता?" त्यांनी मला विचारलं.

"तुमचा अजून जठरात. काकूंचा बराचसा मोठ्या आतड्याच्या तोंडाशी आला असेल."

"तुझा पुढे गेला," ते बायकोला म्हणाले.

"मग या मागून," काकू डोळे मिटूनच म्हणाल्या. "वाट काही चुकायची नाही."

दोघंही झोपले. मी दर तासाला येऊन काकूंचं रक्त घेत राहिले, आणि पलीकडच्या खाटेवर, कुणीही मोजत नसलेल्या एका शरीरात, तोच चहा तीन तास मागून चालत होता. त्याच दारांशी थांबत होता, तशाच चिठ्ठ्या चिकटवून घेत होता. खाली अंधारात त्याला ओळखणारे होतेच.

संध्याकाळी पाचला मी काकूंची सुई काढली. त्यांनी बाहेर जाऊन बहिणीला फोन लावला. दार उघडं होतं. त्या म्हणत होत्या, नाही गं, रविवारी नको. भांडण कसलं, भांडण तेव्हाही नव्हतं. महिना संपला की दोघंच येतो दोन दिवस. हो, दोघं. पुढचं पुढे बघू, आत्ताच काही विचारू नकोस.

चोवीस तासांची लघवी जमवायची मोठी बाटली मी काकूंसाठी तयार ठेवली होती, क्रमांक आणि चहाची वेळ लिहून. काकांनी ती हातात घेऊन नीट वाचली. मग म्हणाले, मलाही एक मिळेल का? प्रयोगासाठी नको. मला आपलं बघायचंय.

मी कपाटातून कोरी बाटली काढून दिली. त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं, चष्मा वर केला आणि 'चहा घेतल्याची वेळ' या शब्दांपुढे सावकाश लिहिलं: दुपारी बारा वाजून दहा मिनिटं.